आवाज काकांना नव्हते, भावाला आहेत

स्किझोफ्रेनिया आणि आनुवंशिकता या विषयावर आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. नावे गाळली आहेत, लांब पत्रे आटोपती केली आहेत.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला (वय २६) चार वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. त्याला आवाज ऐकू येतात, शेजारचे लोक मोबाइलमधून आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटते. आमच्या काकांनाही हाच आजार होता म्हणतात. पण त्यांनी कधी कुणावर संशय घेतला नाही की एकट्याने बडबड केली नाही. वर्षानुवर्षे ओसरीवर बसून असायचे, अंघोळीलाही उठवावे लागे. डॉक्टर म्हणतात, आजार घराण्यातला आहे. मग एकाच घराण्यातल्या आजाराची लक्षणे इतकी वेगळी कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: घराण्यातून येतो तो आजाराकडे असलेला कल. त्या कलातून पुढे आवाज निघणार की अबोला, हे ठरवणारे एखादे वेगळे जनुक आजवर सापडलेले नाही आणि ते तसे एकटे सापडेल असेही वाटत नाही.

आधी कलाबद्दल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ निरोगी माणसे यांचे जनुकीय नकाशे ताडून पाहिले गेले. रुग्णांत आणि निरोगी माणसांत फरक पडतो अशी २८७ ठिकाणे त्यात मिळाली. ऐकायला हे भरभक्कम वाटते, पण यातल्या एकेका फरकाचे वजन फार थोडे असते. सर्वसाधारण माणसाचा धोका शंभरात एक धरला, तर असा एखादा फरक अंगी असल्याने तो बहुतेक वेळा फार तर १.१ होतो. असे शेकडो फरक थोडेथोडे आपणा सर्वांतच असतात. रुग्णाच्या वाट्याला सरासरीने जरा जास्त आलेले असतात. त्यातले बहुतेक फरक प्रथिनाचा आकार बदलत नाहीत. मेंदूतल्या चेतापेशींत, विशेषतः दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या सायनॅप्सपाशी, कोणते प्रथिन किती तयार व्हावे एवढेच ते कमीजास्त करतात.

२०१६ मध्ये सी-४ नावाच्या जनुकाबद्दल एक शोध लागला. रोगप्रतिकारक यंत्रणेतले हे जनुक नको असलेल्या सायनॅप्सवर खूण करून त्या काढून टाकायला मदत करते. ज्यांच्यात ते जास्त कामसू असते, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढलेला आढळला. किशोरवयात मेंदूत ही छाटणी मोठ्या प्रमाणावर चालते. त्यामुळे आजार ऐन सोळा ते पंचविशीत का डोके वर काढतो, याचा थोडासा उलगडा सी-४ मुळे होतो. तुमच्या भावाला आवाज का आणि काकांना अबोला का, याबद्दल मात्र ते काही सांगत नाही.

आता थेट लक्षणांकडे. मनोविकारतज्ज्ञ लक्षणांचे चार गट पाहतात: भास आणि संशय, बोलण्यातला व वागण्यातला विस्कळीतपणा, भावना, इच्छा, बोलणे आटून जाणे (दवाखान्यात याला सरसकट ‘निगेटिव्ह लक्षणे’ म्हणतात), आणि लक्ष, स्मरण, नियोजन यांतली घसरण. रुग्णांचे एकत्रित जनुकीय गुण (अशा शेकडो फरकांची बेरीज) काढून ते या गटांशी जुळवून पाहिले, तर विस्कळीतपणाशी आणि काही अभ्यासांत निगेटिव्ह लक्षणांशी थोडा संबंध दिसतो. आवाज आणि संशय यांच्याशी तो जवळजवळ दिसतच नाही. बौद्धिक घसरणीचे नाते तर वेगळ्याच ठिकाणी निघते: सर्वसामान्य लोकांत शिक्षण आणि बुद्धिमत्तेशी निगडित असलेले जनुकीय फरक तिथे जास्त बोलतात. आणि दिसतो तो संबंधही इतका पुसट, की हजारो रुग्ण एकत्र केल्यावरच कळावा. एका माणसाला समोर बसवून त्यावरून काहीही सांगता येत नाही.

हा संबंध पुसट दिसण्यामागे एक कारण असे आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. ते म्हणजे मोजमाप. संशोधनात ‘पॅन्स’ ही ३० कलमांची मोजपट्टी वापरतात, प्रत्येक कलमाला १ ते ७ गुण. ती साधारणपणे गेल्या एका आठवड्याचे चित्र टिपते. जनुके आयुष्यभराची आणि मोजमाप एका आठवड्याचे! त्यात औषध सुरू असते. ‘चेहऱ्यावर भाव नाहीत’ या कलमाला ४ गुण मिळाले, तर ते आजारामुळे की हॅलोपेरिडॉल या औषधाने चेहरा ताठरला म्हणून, की मनात नैराश्य आहे म्हणून, की महिनोन्‌महिने घरात कुणी बोलायलाच नाही म्हणून? आकडा तोच पडतो. म्हणून चांगले अभ्यास आयुष्यातल्या सर्वांत वाईट काळातली लक्षणे जुन्या केसपेपरवरून नोंदवतात, आणि तिथे संबंध जरा स्पष्ट होतो. काकांचा अबोला कितपत आजाराचा होता आणि कितपत वर्षानुवर्षांच्या उपचारांअभावी साचलेला होता, हेही आता सांगता येणार नाही.

संशयाचा विषय तर जनुकांत नसतोच. मोबाइलमधली पाळत, सीसीटीव्ही, भावकीतल्या कुणी केलेली करणी, देवीचा कोप हे सगळे आजूबाजूच्या जगातून येते.

एकाच जनुकीय बदलातून काय काय उगवू शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या कुटुंबाचे आहे. या घराण्यात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्राचे तुकडे आपसांत बदलले गेले होते आणि तो बदल पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात होता. २००१ मध्ये त्यावर प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार बदल वाहणाऱ्या २९ जणांपैकी ७ जणांना स्किझोफ्रेनिया, एकाला बायपोलर आजार (अतिउत्साह आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा) आणि १० जणांना वारंवार येणारे तीव्र नैराश्य होते; काही जण ठणठणीत होते. गुणसूत्रातली मोडतोड सगळ्यांत एकच, तरी हा प्रकार. तुमच्या घरात तर एकच मोठा बदल असण्याची शक्यताही कमी. काकांकडे गेलेली शेकडो फरकांची मोळी वेगळी, भावाकडे आलेली वेगळी, कारण भावाला निम्मी जनुके तुमच्या आईकडून आली आहेत.

एक काम मात्र करा, त्याचा पुढच्या भेटीत खरा उपयोग होतो. तीन पिढ्यांचा तक्ता कागदावर काढा. प्रत्येक आजारी व्यक्तीपुढे लिहा: त्रास कितव्या वर्षी सुरू झाला, पहिल्यांदा काय दिसले, मधे पूर्ण बरे असल्याचा काळ होता का, कोणत्या औषधाने किती मात्रेत फरक पडला, कशाने त्रास झाला. ‘वेड लागले होते’ असे लिहू नका, प्रत्यक्ष काय होत होते ते लिहा. अंगात येणे, घर सोडून जाणे, विहीर जवळ करणे, दारू, फिट्स या गोष्टीही टिपा. मधल्या काळात पूर्ण बरे होऊन कामाला लागणारे आणि अधूनमधून अतिउत्साहात पैसे उधळणारे कुणी नातलग असतील, तर डॉक्टर बायपोलरचाही विचार करतील आणि औषधाची दिशा बदलू शकेल.

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. मी ३१ वर्षांची आहे, ठीक आहे. एका स्थळाकडून ‘जनुकीय चाचणी करून घ्या’ असे सुचवले गेले. लाळेचा नमुना पाठवून मानसिक आजाराचा धोका सांगणारे पॅकेज मिळते. करून घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नको.

अशा पॅकेजमध्ये शेकडो फरकांची बेरीज करून एक गुण दिला जातो. हे गुण ज्या अभ्यासांवर उभे आहेत, त्यांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत आणि त्यांच्याबाहेर गेले की या गुणांची अचूकता घसरते. खुद्द युरोपीय लोकांतही आजाराच्या एकूण कलापैकी जेमतेम ७ टक्के हिस्सा या गुणाने समजतो. सर्वांत वरच्या एक टक्क्यातल्या माणसाला बाकीच्यांपेक्षा धोका साधारण साडेपाच पट असतो. म्हणजे अहवालावर लाल रंगात ‘अतिउच्च’ छापून आले, तरी त्या गटातल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव जणांना हा आजार होत नाही. उलट कमी गुण आला म्हणून कुणी सुटला असेही नाही. शिवाय मोजक्या रुग्णांत गुणसूत्राचा मोठा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो. अशा गोष्टींचा खरा परिणाम असतो, पण लाळेच्या पॅकेजमध्ये त्या बहुधा नीट तपासल्याच जात नाहीत.

तुमच्यापुरते जास्त उपयोगी आकडे चाचणीशिवायच उपलब्ध आहेत. सख्ख्या भावंडाचा आयुष्यभराचा धोका साधारण ९ टक्के धरतात. स्त्रियांत आजार बहुतेक वेळा पंचविशी ते पस्तिशीत सुरू होतो, पंचेचाळिशीनंतर पुन्हा एक छोटी चढण असते. ३१ व्या वर्षी तुम्ही ठीक आहात, तेव्हा त्या नऊतला बराचसा भाग मागे पडला आहे. तुमच्या मुलांना तुमच्या बहिणीमुळे असलेला धोका ४ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. म्हणजे शंभरात शहाण्णव वेळा काही होत नाही. स्थळाला एवढे सांगणे पुरेसे आहे, अहवालाचा कागद दाखवायची गरज नाही. आणि एकदा असा कागद घरात आला की तो कुणाकुणाच्या हाती पडेल, हेही आधी पाहावे.

प्रश्न: पत्नीला हा आजार आहे, पाच वर्षे स्थिर आहे. मूल हवे आहे. मुलाला आजार होण्याची शक्यता किती? मला स्वतःला काही नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: डेन्मार्कमध्ये संपूर्ण देशाची नोंदणी तपासून काढलेला आकडा असा: दोघांपैकी एका पालकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला बावन्नाव्या वर्षापर्यंत तो होण्याची शक्यता ७ टक्के, दोघांनाही असेल तर सुमारे २७ टक्के, दोघांनाही नसेल तर एक टक्क्याच्या आत. जुन्या पुस्तकांत तुम्हाला १३ आणि ४६ असे आकडे दिसतील. ते प्रामुख्याने रुग्णालयांत दाखल झालेल्या, म्हणजे तुलनेने तीव्र आजार असलेल्या कुटुंबांवरचे आहेत.

जुळ्यांचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. जनुके सारखीच असलेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी निघते; डेन्मार्कच्याच २०१८ च्या अभ्यासात ते ३३ टक्के होते. त्याच अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा मात्र ७९ टक्के मोजला गेला. वर्तमानपत्रांत ‘स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक’ असे छापून येते ते याच प्रकारच्या मोजमापावरून. लोकसंख्येत माणसामाणसांतल्या फरकाचा किती भाग जनुकांमुळे, एवढेच ते सांगते. तुमच्या मुलाला ८० टक्के धोका आहे, असा त्याचा अर्थ लावू नका.

या घडीला जनुकांपेक्षा एक जास्त तातडीची गोष्ट आहे. पत्नीच्या गोळ्यांत सोडियम व्हॅल्प्रोएट आहे का ते आजच चिठ्ठीवर बघा. मूड स्थिर राहावा म्हणून ते बऱ्याचदा जोडलेले असते. गरोदरपणात ते चालू राहिले तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि त्याहून जास्त मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. गर्भ राहण्याआधी मनोविकारतज्ज्ञांकडून ते बदलून घ्यायचे असते. दुसरीकडे, ‘बाळासाठी’ म्हणून सगळ्याच गोळ्या परस्पर बंद करणे ही नेहमी दिसणारी चूक. त्याने आजार उलटतो, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर सर्वांत नाजूक असतात. त्या काळात रात्री बाळाला दुसऱ्या कुणीतरी पाहावे आणि पत्नीची झोप सलग व्हावी, याची सोय आधीच करून ठेवा.

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा. लहानपणी टाळूची शस्त्रक्रिया आणि हृदयातील छिद्राची शस्त्रक्रिया झाली. आवाज नाकातून येतो, अभ्यासात कायम मागे. वर्षभरापासून एकटाच हसतो, कुणाशी तरी बोलतो. दोनदा फिट आली. औषध सुरू आहे. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची) तपासणी केली, ती नॉर्मल आहे. तरीही जनुकीय काही असू शकते का?
— एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: असू शकते, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तपासायलाच हवे. टाळू, हृदय, नाकातला आवाज, अभ्यासातली अडचण, फिट्स आणि आता भास, ही साखळी ‘२२ क्यू ११.२ डिलीशन’ची आठवण करून देते. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा त्यात गळालेला असतो. दोन ते चार हजार जन्मांमागे साधारण एका बाळात हे आढळते. मोठेपणी अशांतील सुमारे चौथ्या हिश्श्याला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. स्किझोफ्रेनियाच्या साधारण तीनशे रुग्णांत एक जण हा निघतो.

कॅरिओटाइप नॉर्मल आला यात नवल नाही. गळालेला तुकडा बहुधा डीएनएच्या सुमारे ३० लाख अक्षरांचा असतो आणि साध्या कॅरिओटाइपमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली साधारण ५० लाखांहून लहान बदल दिसत नाहीत. तपासणी मागायची ती असे लहान बदलही टिपणारी क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे. ती शक्य नसेल तर एमएलपीए किंवा फिश, या ठराविक जागाच पाहणाऱ्या चाचण्या. फिशमध्ये नेमक्या त्याच जागेचा शोधक वापरायचा असतो, त्यामुळे अर्जावर ‘२२ क्यू ११.२’ असे स्पष्ट लिहून घ्या. मायक्रोअ‍ॅरेसाठी दोन-तीन मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत जाते, फिशसाठी हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत. नळी चुकली की नमुना परत येतो आणि आठवडा वाया जातो.

अहवाल येईपर्यंत थांबू नका, रक्तातले कॅल्शियम उद्याच तपासा. या मुलांत बऱ्याचदा पॅराथायरॉइड ग्रंथी दुबळी असते, कॅल्शियम खाली जाते आणि त्यानेही फिट येऊ शकते. मग ती फिट ‘औषधाची’ किंवा ‘मानसिक’ समजून भलतेच उपचार सुरू होतात. सोबत मॅग्नेशियम, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड आणि ईसीजी करून घ्या.

निदान पक्के झाले तर भासांवरची औषधे तीच राहतात. फक्त सुरुवात कमी मात्रेने करायची, चढवायची सावकाश. क्लोझापिनची (इतर औषधे लागू न पडल्यास द्यायच्या औषधाची) वेळ आली तर फिट्सचा धोका यांच्यात जास्त असतो, म्हणून कॅल्शियम आधी ठीक हवे. भास, संशय, विस्कळीतपणा यांचे चित्र मात्र इतर रुग्णांसारखेच असते. एवढा मोठा, डोळ्यांत भरणारा जनुकीय बदल असूनही नुसत्या आवाजांच्या वर्णनावरून तो ओळखता येत नाही. संशय येतो तो टाळू, हृदय, कॅल्शियम आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावरून. जुने गुणपत्रक नक्की घेऊन जा. या मुलांत भास सुरू होण्याआधी काही वर्षे भाषिक बुद्धिमत्ता घसरू लागलेली आढळते.

तुम्हा दोघांचीही तपासणी करावी लागेल. दहापैकी नऊ मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई-वडिलांत नसतो. मुलाला मात्र पुढे मूल झाले, तर दर वेळी निम्मी शक्यता राहते.

प्रश्न: मामाच्या मुलीशी लग्न ठरते आहे. आजीला (आईच्या आईला) हा आजार होता. होणाऱ्या मुलांना धोका किती?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: ती आजी तुम्हा दोघांचीही, म्हणजे होणाऱ्या मुलाला तिचा वारसा दोन्ही बाजूंनी मिळणार. प्रत्यक्ष आजाराचा धोका तरी बहुधा काही टक्क्यांतच राहील. सख्ख्या मामे-आते भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा समान असतो, आणि अशा लग्नात जास्त काळजी करावी ती थॅलसेमियासारख्या दोन्हीकडून यावे लागणाऱ्या आजारांची. ती तपासणी आधी करा.

प्रश्न: आईला रिस्पेरिडोनच्या २ मिलिग्रॅमनेच हात थरथरतात, शरीर आखडते. मामांना ६ मिलिग्रॅमनेही काही झाले नव्हते. हेही जनुकांचेच का? आणि भाऊ क्लोझापिनवर आहे, विडी सोडली तर गोळी बदलावी लागते म्हणतात, ते खरे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: दोन्ही ठिकाणी यकृतातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, गुंतलेली आहेत.

रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल ही औषधे सीवायपी-२डी६ नावाच्या एन्झाइमने विघटित होतात. काही माणसांत जन्मतःच ते काम करत नाही. युरोपीय लोकांत शंभरात पाच-दहा, आपल्याकडे त्याहून कमी. अशा व्यक्तीला अरिपिप्राझोलची मात्रा निम्मी करायची असते, रिस्पेरिडोनचा त्रासही लवकर होतो. पण चाचणीचा खर्च करण्याआधी आईच्या चिठ्ठीवर फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन आहे का ते बघा. ही नैराश्यावरची औषधे हेच एन्झाइम अडवतात. जनुके चांगली असूनही शरीर दुबळ्या एन्झाइमसारखे वागते आणि २ मिलिग्रॅम जास्त पडते. वयही एक कारण असू शकते. त्यातले काही नसेल, तर चाचणी अर्थपूर्ण.

विडीचे खरे आहे. क्लोझापिन मुख्यतः सीवायपी-१ए२ ने विघटित होते आणि धूर त्या एन्झाइमला वेग देतो. काम धुरातल्या हायड्रोकार्बनचे, निकोटीनचे नव्हे. म्हणून विडी-सिगारेटचा परिणाम होतो. मशेरी, गुटखा, मळलेला तंबाखू यांचा होत नाही. भावाने विडी सोडली, किंवा दवाखान्यात भरती झाल्याने सुटली, की साधारण आठवडाभरात रक्तातले औषध दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. लाळ उशी भिजवते, झोप उतरत नाही, बद्धकोष्ठ होते, मात्रा मोठी असेल तर फिट येते. सोडण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगा, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली जाते. पुन्हा सुरू केली तर उलटे होते: औषध कमी पडते, आवाज परततात आणि घरच्यांना वाटते की गोळी बिघडली.

पातळी तपासायची असेल तर रक्त शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे. मिलिलिटरमागे ३५० नॅनोग्रॅमच्या वर पातळी असेल, तर औषधाला पुरेशी संधी मिळाली असे मानतात. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन देतात, त्यानेही पातळी झपाट्याने वाढते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्याची सवय असेल तर भावाच्या बाबतीत ती मोडा. क्लोझापिनने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्यांची ठरलेली रक्ततपासणी विडी सोडली तरी चुकवायची नाही, आणि घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी करायची.